रामब्रह्म सान्याल आणि प्राणिसंग्रहालयातील संशोधन

लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने आपले उद्यान १८२८ साली उघडले. परंतु तेथे वेतनावर शास्त्रज्ञ नेमण्याचा विचार पुढे बराच काळ रेंगाळला, आणि १८६५ मध्ये जे पद निर्माण झाले ते 'प्रोसेक्टर'चे, म्हणजे शवविच्छेदकाचे होते. उद्यानात मेलेल्या जनावराचे विच्छेदन करावे, मृत्यूचे कारण नोंदवावे आणि त्याच्या शरीररचनेवर निबंध लिहावेत, हे त्याचे कर्तव्य. विद्यापीठात शिकलेल्या तरुणाचा येथील प्रवेश अशा रीतीने पिंजऱ्याच्या दाराने न होता शवागाराच्या दाराने झाला.

या पदावरील माणसे सामान्य नव्हती. पहिला जेम्स म्यूरी. त्याच्यामागून आलेला आल्फ्रेड गॅरड हा केंब्रिजचा विद्यार्थी. पक्ष्यांच्या मांडीतील स्नायूंवरून त्यांच्या वर्गीकरणाचा विचार करणारे त्याचे निबंध प्रसिद्धच आहेत. तो १८७९ मध्ये क्षयाने, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारला. त्याच्या जागी आलेल्या विल्यम फोर्ब्स याने गॅरडचे निबंध संकलित केले आणि तोही १८८३ मध्ये नायजर नदीच्या प्रदेशात मरण पावला. तुलनात्मक शरीरशास्त्रावर या परंपरेचे मोठे ऋण आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र जनावर जिवंत असताना काय खाते, केव्हा माजावर येते, कशाने भिते, हे ज्ञान राखणदारांच्या डोक्यात राहिले आणि बहुतांशी त्यांच्याबरोबरच गेले. पदवी आणि अनुभव यांची अशी फारकत झाली.

ही फारकत ज्याने आपल्या कामात मोडून काढली तो पदवीधर नव्हता. रामब्रह्म सान्याल हे कलकत्ता मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. दृष्टी अधू होऊ लागल्याने त्यांना शिक्षण अर्धवट सोडावे लागले. तेथील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक जॉर्ज किंग यांना या विद्यार्थ्याविषयी आस्था होती. १८७६ च्या जानेवारीत अलिपूर येथे प्राणिसंग्रहालयाची उभारणी चालू असताना किंग यांच्या शिफारशीने त्यांना तेथे काम मिळाले. ते काम म्हणजे झाडे लावणाऱ्या मजुरांवर देखरेख करणे. ज्याचे डॉक्टर व्हावयाचे राहून गेले त्याच्या वाट्याला बागकामावरील मुकादमी आली, असेच तेव्हा कोणीही म्हटले असते. पुढे याच संस्थेचे अधीक्षकपद त्यांच्याकडे आले आणि १९०८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचा तिच्याशी असलेला संबंध सुटला नाही.

सान्यालांचे वैशिष्ट्य त्यांच्या नोंदींत आहे. जनावरांची रोजची फेरी, आहार, आजार, औषधोपचार, वीण व मृत्यू यांची टिपणे त्यांनी वर्षानुवर्षे ठेविली आणि त्यांच्या आधारे बंदिवासातील प्राण्यांच्या व्यवस्थेवर इंग्रजीत एक हस्तपुस्तक सिद्ध केले. ते १८९२ साली बंगाल सरकारच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्यात सस्तन प्राण्यांचे २४१ व पक्ष्यांचे ४०२ प्रकार आले आहेत. प्राण्याचे वर्णन, निरोगी असताना घ्यावयाची काळजी आणि आजारातील उपचार, असा त्याचा सर्वसाधारण क्रम आहे. निवारा, खाद्य, वीण व वाहतूक ही अंगे त्यात सुटलेली नाहीत. मेडिकल कॉलेजातील दोन-तीन वर्षे वाया गेली नव्हती, हे या मांडणीवरून कोणाच्याही ध्यानात यावे. लंडनच्या 'नेचर'ने त्याच वर्षी या ग्रंथाची दखल घेतली. या विषयावरील तितकाच व्यापक ग्रंथ म्हणून पुढे ज्याचे नाव घेतले जाते तो न्यूयॉर्कच्या ली क्रँडॉल यांचा ग्रंथ १९६४ चा, आणि तोही केवळ सस्तन प्राण्यांपुरता.

अशा कामास शास्त्राचे नाव व विद्यापीठात स्थान मिळावयास युरोपात हाइनी हेडिगर यावे लागले. बर्न, बाझेल व झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे हे संचालक विद्यापीठाचे डॉक्टर होते. १९४२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बंदिवासातील प्राण्याचे वर्तन, त्याचे 'पलायन-अंतर', म्हणजे माणूस किती जवळ आला असता तो पळू लागतो ते अंतर, आणि त्यास लागणारी जागा यांचा पद्धतशीर विचार मांडला. जे सान्यालांनी टिपणांच्या रूपाने केले, त्यास येथे सिद्धान्ताचे रूप आले. तरीही प्रस्तुत लेखकास सान्यालांची टिपणेच अधिक मोलाची वाटतात. सिद्धान्त दुसरीकडेही सुचू शकतो. एका विशिष्ट जनावराची वीस वर्षांपूर्वीची नोंद मात्र त्या वेळी कोणी केली नसेल तर ती कायमची गेली.

याचे एक उदाहरण खुद्द अलिपूरचेच आहे. १८८९ च्या जानेवारीत तेथे सुमात्रन गेंड्याचे पिल्लू जन्मले. त्यानंतर बंदिवासात जुळून आलेल्या गेंड्यांना पिल्लू झाले ते थेट २००१ साली, अमेरिकेतील सिनसिनाटी येथे. मधल्या ११२ वर्षांत या जातीचे प्राणी पाळले गेले नाहीत असे नव्हे. १९८४ नंतर तर त्यांची वीण व्हावी याच हेतूने सुमारे ४० गेंडे पकडण्यात आले. त्यांतील बहुतेक मेले आणि वीण मुळीच झाली नाही. अमेरिकेत गेलेल्यांना प्रथम सुके गवत घातले जात असे. या झाडपाला खाणाऱ्या प्राण्यास ते मानवत नाही, हे जनावरे गमावल्यानंतर कळले.

सिनसिनाटीस जे साधले ते टेरी रॉथ यांच्या चमूने. रक्तातील अंतःस्राव मोजून व ध्वनिलहरींच्या यंत्राने बीजकोशाची तपासणी करून असे आढळले की, या मादीत बीजमोचन आपोआप होत नाही, ते समागमानंतरच होते. त्यानंतर गर्भ राहू लागले, पण पाच वेळा गळाले. सहाव्या खेपेस प्रोजेस्टेरॉन दिल्यावर तो टिकला. जन्मलेला नर, अंदलास, पुढे सुमात्रातील वे कांबास येथे नेण्यात आला आणि २०१२ साली त्यास तेथे पिल्लू झाले. या संशोधनात प्रयोगशाळा होती, यंत्रे होती, प्रशिक्षित पदवीधर होते. आणि त्यांच्या बरोबरीने, मादी कोणत्या तारखेस नरापाशी सोडली व दोघे कसे वागले, याची दररोज भरावयाची वहीही होती.