उद्जनाचे वक्ते

हायड्रोजनला आपल्याकडील जुन्या पुस्तकांत ‘उद्जन’ म्हणत. उदकाला जन्म देणारा तो उद्जन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए व त्याचे सहकारी यांनी १७८७ साली ग्रीक शब्दांवरून जे नाव रूढ केले, त्याचाही अर्थ हाच. नावातच पाणी असल्यामुळे की काय, या वायूविषयी बोलताना भल्याभल्यांची वाणी रसाळ होते. आम्हांस तर वाटते, की त्याचा इतिहास जितका प्रयोगशाळेत घडला तितकाच व्यासपीठावर.

ज्यूल व्हर्नच्या १८७४-७५ मधील ‘गूढ बेट’ या कादंबरीत एक खलाशी विचारतो, की कोळसा संपल्यावर जग काय जाळणार? अभियंता सायरस स्मिथ उत्तरतो, की विजेने विघटित केलेले पाणी. खलाशी हरखून जातो. ती वीज आणायची कोठून, हे तो विचारीत नाही आणि अभियंताही सांगत नाही. सारी मेख येथेच आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढण्यास सुमारे ५० युनिट किंवा त्याहून अधिक वीज खर्ची पडते. हाती येते ती सुमारे ३३ युनिट ऊर्जा. तो धन नव्हे, धनाची थैली आहे, तीही गळकी.

जे. बी. एस. हॉल्डेन यांनी ही लबाडी केली नाही. १९२३ साली केंब्रिजच्या व्याख्यानात त्यांनी चित्र रंगवले ते इंग्लंडभर उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांचे. वारा असेल तेव्हा उरलेल्या विजेने हायड्रोजन करायचा आणि द्रवरूपात साठवायचा. मुदत मात्र त्यांनी चारशे वर्षांची दिली! (हेच हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.)

१९३७ साली अमेरिकेत लेकहर्स्ट येथे हायड्रोजनने भरलेले ‘हिंडेनबर्ग’ जळाले, ३६ माणसे दगावली आणि या वायूची धास्ती लोकांच्या मनात बसली. तरी वक्ते परतलेच. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी १२० कोटी डॉलरची योजना मांडताना सांगितले, की आज जन्मलेल्या मुलाची पहिली मोटार हायड्रोजनवर चालू शकेल. हॉल्डेनच्या चार शतकांची मुदत एका बालकाच्या वयावर आली. लोकांपुढे नित्य बोलणाऱ्या आम्हांला यातील कौशल्य कळते. बालक पुढे केले, की हिशेब विचारायला कोणी धजत नाही. २००९ साली पुढच्याच सरकारचे ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी या मोटारींवरील खर्च कापण्याचा प्रस्ताव आणला. ते मूल आता विशी ओलांडून गेले आहे. त्याच्या देशात हायड्रोजनचे सार्वजनिक पंप जवळजवळ सगळे एकट्या कॅलिफोर्नियात आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. त्याच्या नावात हायड्रोजनच्या आधी ‘हरित’ हे विशेषण आहे. जगातील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून निघतो, हे त्या एका विशेषणाने मान्य केले. खलाशाने जे विचारायचे राहून गेले होते, ते निदान सरकारी कागदावर तरी उमटले.