खडकी येथील सैनिकांची दफनभूमि

मृतांस मूठमाती देणें हें दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकीं एक, असें आपण बाळपणीं धर्मप्रश्नोत्तरींत शिकलों. परंतु परमुलखांत मेलेल्या शिपायाचें थडगें पुढें कोणीं सांभाळावें? या प्रश्नाचें उत्तर पुण्याजवळ खडकी येथील सैनिकांच्या दफनभूमींत मिळतें.

पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालापासून, ब्रिटिश सैनिकांचीं प्रेतें स्वदेशीं नेण्यास बंदी झाली. पुढें १९१७ सालीं फेबियन वेअर यांच्या खटपटीनें, साम्राज्याच्या युद्धकबरींची देखरेख करणारें मंडळ राजसनदेनें स्थापन झालें. सेनापति असो वा साधा शिपाई, दोघांच्या थडग्यावर सारखीच शिळा असावी, असा दंडक त्यानें घातला. श्रीमंताच्या पुत्रावर संगमरवरी घुमट चढावा आणि गरिबाच्या पुत्राचें नांवही पुसून जावें, हें त्यास मान्य नव्हतें. मुलाच्या कबरेवर आपल्या मनासारखा क्रूस उभारतां येत नाहीं, म्हणून अनेक मातापितरें व्यथित झालीं; ४ मे १९२० रोजीं पार्लमेंटांत वादही झाला; तथापि समतेचा दंडक टिकला.

खडकीची दफनभूमि दुसऱ्या महायुद्धांतील कबरींसाठीं करण्यांत आली. पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राहण्याची शाश्वती नव्हती, त्यांतील अवशेष येथें आणिले. त्या युद्धांतील १,६६८ सैनिक येथें विसावले आहेत. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांत मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचीं नांवें येथील स्मारकावर आहेत. आजच्या भारत व पाकिस्तानांतील नागरी आणि छावणीच्या दफनभूमींत त्यांच्या कबरींची निगा राखणें अशक्य झालें होतें. त्यांपैकीं ६२९ जणांचे अवशेष १९६२ सालीं मुंबईच्या शिवडीहून आणून येथें पुन्हां पुरण्यांत आले. पूर्व व पश्चिम आफ्रिकेच्या १९३ सैनिकांचेंही स्मारक येथेंच आहे.

मंडळ हिरवळ राखतें, शिळा धुतें, नांव जपतें. आत्म्याची चिंता मात्र ख्रिस्तसभेनें आपणांवर सोंपविली आहे. रणांत पडलेल्या आपल्या माणसांसाठीं यहूदा मक्काबी यानें द्रव्य गोळा करून यरुशलेमास पापार्पणासाठीं पाठविलें, हें मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकांत आपण वाचतों.

प्रिय बंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या आनंदांत आपण आपल्या धर्मग्रामांतील पूर्वजांचें स्मरण करतों, तेव्हां या परक्या मुलांसही विसरूं नये. त्यांच्या कित्येक मातांस हें थडगें कधींच पाहतां आलें नाहीं. दरसाल २ नोव्हेंबरास आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतांना, त्या मातांच्या वतीनें एक जपमाळ अर्पण करावी.