गोळी, मीठ आणि जोंधळा

आमच्या बेळगाव भागात हल्ली चार बायका जमल्या की मॅग्नेशियमच्या गोळीचा विषय निघतोच. पायात गोळे येतात? झोप लागत नाही? मग घे गोळी! वर एक शेराही मिळतो: ‘तुम्ही जैन, हे खात नाही, ते खात नाही, तुम्हाला कमीच पडणार.’ हे मला खटकलं. म्हणून या गोळीचं कूळ शोधायला बसले.

ते निघालं इंग्लंडमधल्या एप्सम गावी. १६१८ सालच्या सुमारास तिथल्या एका शेतकऱ्याची तहानलेली गुरं डबक्यातल्या कडू पाण्याला तोंड लावेनात, असं सांगतात. हे पाणी आटवून जे मीठ मिळे, त्यावर नेहेमाया ग्र्यू या वैद्याने १६९५ मध्ये ग्रंथ लिहिला. उपयोग मुख्यतः पोट साफ करायचा. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने मॅग्नेशियम धातू वेगळा केला, तरी औषधाच्या कपाटात त्याची ओळख जुलाबाचीच राहिली. आपल्या आज्यांच्या घरातलं मिल्क ऑफ मॅग्नेशिया आठवा ना!

शरीराला ते रोजच लागतं, हे फार उशिरा कळलं. १९३२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मॅकॉलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अन्नातून मॅग्नेशियम काढून टाकलं, तर उंदरांना झटके येऊ लागले. म्हणजे सुमारे चारशे वर्षांच्या या इतिहासात ‘पोषण’ हा शब्द आला तो शेवटच्या शंभरेक वर्षांत.

आता आपल्या ताटाकडे बघू या. कंदमुळं सोडली म्हणून यात फारसं काही बिघडत नाही. पानांच्या हिरव्या रंगद्रव्यात मॅग्नेशियम असतं, हे खरं. चातुर्मासात आपण पालेभाजी वर्ज्य करतो, हेही खरं. पण ते धान्याच्या कोंड्यात, डाळींत, तिळात, शेंगदाण्यातही भरपूर आहे. शंभर ग्रॅम जोंधळ्यात सव्वाशे मिलिग्रॅमच्या वर मिळतं. बाईमाणसाची रोजची गरज साडेतीनशेच्या आसपास. जोंधळ्याची भाकरी, आमटी, तिळाची चटणी एवढ्यात बरीचशी भागते. घट झाली ती त्यागाने नव्हे, तर पॉलिश केलेल्या तांदळाने आणि मैद्याने. कोंडा आपणच काढून टाकला आणि आता तोच बाटलीतून विकत आणायचा!

गोळी वाईट, असं मी म्हणत नाही. जुनाट अतिसार असेल, मधुमेह असेल, पित्ताच्या किंवा लघवीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर मॅग्नेशियम खरंच घटू शकतं. ते डॉक्टरांनी तपासून ठरवावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तीचं बाहेर पडत नाही, साठून राहतं. तिथे शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी घेणं धोक्याचं.

आणि एक आपल्यापुरतं. कॅप्सूलचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. पाणी गाळून पिणाऱ्या घरात ते नकळत येऊ नये. घ्यायचीच झाली तर बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, दुकानदाराला स्पष्ट विचारा. विचारायला लाजायचं कशाला?