फियाटचा प्लग आणि रविवारची सकाळ

सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ज्यांच्या दारात फियाट उभी असे, त्यांच्या डिकीत प्लग पाना, काचकागदाचा तुकडा आणि जुन्या बनियनचं फडकं हमखास सापडायचं. चोक ओढूनही गाडी सुरू झाली नाही किंवा चढावर मिसिंग मारू लागली, की पहिला संशय ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर. मेकॅनिकला निरोप धाडण्याआधी मालक स्वतःच बॉनेट उघडत.

ठिणगीने इंजिन चालवण्याची युक्ती या गाड्यांहून बरीच जुनी. एत्येन लेन्वारने 1860 मध्ये गॅसच्या इंजिनात ती वापरली होती, पण भरवशाची ठिणगी मिळायला आणखी चाळीस वर्षं गेली. मधल्या काळात डाइमलरच्या इंजिनांत बाहेरच्या ज्योतीने नळी तापवून काम भागवलं जाई. 1902 मध्ये श्टुटगार्टला रॉबर्ट बॉश यांच्याकडे काम करणाऱ्या गोटलोप होनोल्ड या अभियंत्याने जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आणि त्याला साजेसा प्लग तयार केला. बाहेर आटे पाडलेला धातूचा भाग, आत विजेला अडवणारी चिनी माती आणि टोकाशी बारीक फट, ही प्लगची ठेवण मुळात आजही तीच आहे.

इकडे भारतात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. 1951 मध्ये सुरू झालेल्या बंगळूरच्या मायको कंपनीने प्लग देशातच बनवले आणि ते गावोगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळू लागले. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून हाती असलेली गाडी जिवापाड जपली जाई.

प्लग सारखे खराब का होत? एक तर कार्बुरेटर. त्यातून पेट्रोल जरा जास्त गेलं की टोकावर काजळी धरे. दुसरं कारण पेट्रोलमधलं शिसं. इंजिनाची ठोठो थांबवण्यासाठी घातलेल्या या शिशाचा थर चिनी मातीवर बसे, तापल्यावर त्यातून करंट पळे आणि ठिणगी पडतच नसे.

मग रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, काम सुरू होई. चार प्लग, चार वायरी. जाणता मालक एका वेळी एकच वायर काढी, कारण वायरींची अदलाबदल झाली की ठिणगीचा क्रम बिघडून इंजिन फटफट करू लागे. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून टाकायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडायची. बाहेर आलेला प्लग उजेडात धरला की त्याचा रंगच सगळं सांगे. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठणठणीत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, आणि पांढरट टोक म्हणजे इंजिन फाजील तापतंय. टोक घासून फीलर गेजने फट तपासायची. ती साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. प्लग परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवायचे, पाना शेवटी लावायचा. सुरुवातीलाच पान्याने जोर केला तर हेडचे आटे जात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढे.

1983 च्या डिसेंबरमध्ये मारुती 800 आली, तिला तीनच प्लग. खरा बदल घडला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. कार्बुरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकलं जाऊ लागलं. प्लग खराब होण्याची दोन्ही मोठी कारणं एकदमच गेली. पुढे प्लॅटिनम आणि इरिडियमच्या टोकांचे प्लग आले. त्यांतले काही लाखभर किलोमीटर टिकतात. बऱ्याच गाड्यांत आता प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि सगळं प्लास्टिकच्या झाकणाखाली दडलेलं असतं.

तरीही अनेक साध्या पेट्रोल गाड्यांचे प्लग आजही घरी बदलता येतात. त्यासाठी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचाच प्लग आणावा, इरिडियमच्या टोकाला काचकागद लावू नये आणि इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.