चरकीचा पीळ, जीपचा गेअर

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या घाटात जुनी पेट्रोल जीप चढावर एकाएकी बंद पडते. स्टार्टर फिरतो, टाकीत पेट्रोल आहे, बॅटरी ठणठणीत आहे, पण इंजिन पेट घेत नाही. अनुभवी मिस्त्री अशा वेळी कार्ब्युरेटरला हात लावत नाही. तो प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढतो आणि कुणाला तरी हँडल मारायला सांगतो. इंजिन फिरते आहे आणि आतला रोटर मात्र जागचा हलत नाही, एवढे दिसले की निदान अर्धे झाले. डिस्ट्रिब्युटरला फिरवणारा गेअर किंवा त्याची पिन गेली आहे.

बीड शहरात प्रवासी रेल्वे पोहोचली ती 2025 साली. त्याआधीची अनेक दशके परळीचा कोपरा सोडला तर जिल्ह्याचा सगळा भार रस्त्यावर होता, आणि खराब रस्त्यावर जीपवर. 1949 साली मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे डिझेल इंजिने आली आणि पेट्रोल जीप मागे पडली. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्या जीपच्या पोटातल्या तिरप्या दातांच्या एका गेअरची कुळकथा मात्र कुणी फारशी सांगत नाही. ती सांगायला लागले की वाट डेट्रॉइटकडे न जाता गेवराई-माजलगावच्या कापूसपट्ट्यातून अजिंठ्याकडे वळते.

आधी गेअर नीट पाहू. चार सिलिंडरच्या विलिस इंजिनात कॅमशाफ्टवर तिरपे दात कापलेले असतात. त्यांत ऑइल पंपाचा गेअर अडकतो. पंपाच्या शाफ्टच्या टोकाला खाच असते आणि डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टची जीभ त्या खाचेत बसते. म्हणजे ठिणगी आणि तेल, दोन्हींचे चलन एकाच गेअरवर. पंपाच्या गेअरची पिन तुटली तर ठिणगी जाते आणि तेलही जाते. यात मोठे शहाणपण आहे: तेल थांबले त्याच क्षणी इंजिनही थांबते, त्यामुळे बेअरिंगे वाचतात. निदानही इथूनच पुढे सरकते. प्लग काढून स्टार्टर मारला आणि ऑइलचा काटा हलला, तर पंप फिरतो आहे आणि बिघाड डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला आहे. काटा शून्यावर राहिला तर पंप बाहेर काढावा लागणार.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि डिस्ट्रिब्युटरही निम्म्याच वेगाने फिरायला हवा. म्हणून ही जोडी एकास एक. वेग वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, फक्त फिरण्याची दिशा काटकोनात वळवायची. 1910 च्या सुमारास चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकसाठी बॅटरीवरची ठिणगी-पद्धत तयार केली आणि ती जगभर पसरली. पण केटरिंगचे श्रेय विजेचे आहे. तिरपा दात त्यांच्याही फार आधीचा.

तो आला कुठून? यंत्रशास्त्राची पुस्तके अलेक्झांड्रियाकडे बोट दाखवतात. मळसूत्र आणि चाक या जोडीचा मान आर्किमिडीजला देतात, आणि अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या लिखाणात ती जोडी आहेच. पण त्या जोडीचे काम वेगळे. तिथे मळसूत्राचे अनेक फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरते. जड ओझे हळूहळू उचलायचे साधन ते. त्यात मळसूत्र मालक आणि चाक चाकर, आणि चढ पुरेसा मंद असेल तर चाकाने मळसूत्र फिरवताही येत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या जोडीत असा उच्चनीच भाव नाही. दोन्ही दात सारख्याच जातीचे, दोन्ही सारख्याच वेगाचे.

सारख्याच जातीचे दोन पीळ एकमेकांत अडकवून एकास एक फिरवायची युक्ती जुन्या जगात ठळकपणे दिसते ती भारतीय चरकीत. कपाशीतून सरकी वेगळी काढणारी ही हाताची चरकी म्हणजे दोन समांतर लाटा. दोन्ही उलट दिशांना फिरल्या की रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडेच राहते. एक लाट हाताने फिरवायची, दुसरी तिच्याबरोबर फिरली पाहिजे. त्यासाठी लाटांच्या टोकांना मळसूत्रासारखे पीळ कोरून ते एकमेकांत बसवत. साधे सरळ दात लाकडात कोरले तर ते धक्के देतात आणि तुटतात. पीळ मात्र सरकत सरकत एकमेकांत शिरतो, एक दात सुटण्याआधी दुसरा पकड घेतो. आजच्या भाषेत तो हेलिकल गेअरच.

या पिळाच्या वयावर वाद आहे. अजिंठ्याच्या चित्रांत सरकी काढण्याचे साधन दिसते आणि ते साधारण 5व्या शतकातले. डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाने 1974 साली प्राचीन भारतातल्या कापूस-कामावर लिहिताना या पुराव्याची तपशिलात छाननी केली. पण अजिंठ्याचे साधन एका लाटेचे आहे. एकच लाट म्हटल्यावर पिळाची गरजच नाही. इतिहासकार इरफान हबीब पीळवाल्या चरकीचा उगम 13व्या-14व्या शतकाच्या आसपास, दिल्ली सुलतानांच्या काळात धरतात. त्यावर कुणी म्हणेल की सूत कातायचा चरखाही त्याच सुमारास दिसतो. त्याचा भारतातला जुना उल्लेख इसामी या फारसी कवीच्या 1350 च्या ग्रंथात आहे आणि तो ग्रंथ दख्खनमध्ये, बहामनी दरबारात लिहिला गेला. चरखा पश्चिमेकडून आला असे अनेक जण मानतात. मग पीळही तिकडूनच का नाही आला?

हा तर्क टिकत नाही. पश्चिमेकडे होते ते मळसूत्र आणि चाक, काटकोनातले. समांतर लाटांवरचा जुळा पीळ ही निराळी कल्पना आहे, आणि ती कापसाच्या गरजेतून आली. जिथे कापूस पिकतो, तिथल्या सुताराला रोज लागणारी गोष्ट. अजिंठ्याची एक लाट ते पिळाच्या दोन लाटा, हा प्रवास याच कापूसमुलखात झाला, असे मानायला जागा आहे.

युरोपात तिरप्या दाताचा विचार 17व्या शतकात रॉबर्ट हूकने मांडला. 1900 साली आंद्रे सित्रोएन पोलंडला गेले असता त्यांना लाकडात कोरलेले कोनी दातांचे गेअर दिसले आणि त्यांनी त्याचे पेटंट घेतले, अशी हकीकत सांगितली जाते. सित्रोएन गाडीवरचे दोन कोन ते हेच. लाकडातला दात मोटारीपर्यंत पोहोचतो, हे तिथे नावानिशी दिसते. चरकीपासून टोलेडोच्या विलिस कारखान्यापर्यंत अशी नावे जोडता येत नाहीत. नाते आहे ते रचनेचे.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. चरकीच्या लाटा समांतर आहेत, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट कॅमशाफ्टला काटकोनात. म्हणजे दात चरकीचा आणि मांडणी अलेक्झांड्रियाची. या गेअरचे दुखणेही याच संकरातून आले आहे. समांतर तिरपे दात एकमेकांना रेषेत टेकतात. काटकोनातले तिरपे दात जेमतेम एका बिंदूत टेकतात आणि सतत एकमेकांवर घासतात. त्या बिंदूवर तेलाचा थर टिकला नाही की धातू खरवडला जातो. पंपात कचरा अडकला, ऑइल चिखलासारखे घट्ट झाले, तर फिरवायला जोर जास्त लागतो आणि दात आणखी लवकर झिजतात. कॅमशाफ्टवरचे दात गेले तर अख्खा शाफ्ट बदलावा लागतो, म्हणून अनेक इंजिनांत छोटा गेअर मुद्दाम मऊ ठेवतात. झिजायचे तर त्याने झिजावे.

पिन तुटणे सोपे, ते लगेच कळते. झीज मात्र फसवते. गाडी चालते, पण मिसिंग करते, मध्येच बॅकफायर देते, टायमिंग लावले तरी टिकत नाही. टायमिंग लाइट लावला तर खूण एका जागी न थांबता नाचते. रोटर हाताने मागेपुढे हलवून प्ले बघावा. मग शाफ्ट वर-खाली हलतो का तेही बघावे, कारण तिरपा दात फिरवतो तसा लांबीच्या दिशेने ढकलतोही. चरकीच्या लाटाही अशाच ढकलल्या जात. शाफ्ट वर-खाली सरकला की पिळामुळे तो थोडा फिरतोच, आणि तेवढी ठिणगी मागेपुढे होते. चेंबरमधून काढलेल्या तेलात चमकणारा चुरा सापडला तर शंका उरत नाही.

नवा गेअर बसवताना आधी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर माथ्याला आणतात. गेअर आत सरकवताना तिरप्या दातामुळे तो फिरत फिरत बसतो, म्हणून थोडा आधीच्या कोनातून सोडावा लागतो. खाच मध्यापासून मुद्दाम एका बाजूला असते, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर उलटा बसत नाही. पण एखादा दात चुकू शकतो, आणि 12 दातांच्या गेअरवर एक दात म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे 30 अंश, क्रँकचे 60. विलिसला ठिणगी हवी असते माथ्याच्या 5 अंश आधी, पॉइंटमध्ये 0.020 इंच फट ठेवून, 1-3-4-2 या क्रमाने. गेअर बदलला आणि पंप न उघडता तसाच बसवला, तर आतला कचरा नव्या गेअरचेही दात खातो. म्हणून पंप उघडून धुतात, जाळी साफ करतात, आणि प्लग न लावता हँडल मारून ऑइलचा काटा उठतो का ते आधी बघतात.