आबांच्या दंडावरचा कोंबडा

जुना लष्करी बिल्ला हातात आला की जाणकार माणूस आधी त्याच्यावरचा मुकुट बघतो. मुकुटाच्या कमानी फुगून वर गेलेल्या असतील तर तो राजाचा मुकुट, म्हणजे १९०१ ते १९५२ या काळातला. माथा मधोमध दबलेला असेल तर एलिझाबेथ राणीचा. मग विकणारा कितीही शपथा घेवो, तो बिल्ला महायुद्धात गेलेला नाही. २०२२ नंतर चार्ल्स राजानं पुन्हा फुगीर कमानींचाच मुकुट निवडला आणि संग्राहकांच्या डोक्याला नवा ताप झाला.

मग बिल्ला उलटा करायचा. मागं टोपीच्या खाचेत सरकवायची उभी पट्टी असते, नाहीतर दोन कड्या आणि त्यांतून ओवायची पिन. पुढचं नक्षीकाम घासून गुळगुळीत झालंय आणि पट्टी मात्र काल बसवल्यासारखी चकचकीत, असं दिसलं की पाकीट पुन्हा खिशात घालावं. जुने साचे युद्धानंतरही कारखान्यांत पडून होते, त्यांच्यातून पुढं कितीतरी वर्षं नवे बिल्ले काढले गेले. साचा खरा, बिल्ला खोटा. आपल्याकडचा घोळ आणखी वेगळा. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात वाळूच्या साच्यात ओतलेला, कडा बोथट झालेला, अंगावर बारीक खड्डे असलेला बिल्ला मिळाला, तर विलायती पुस्तकाप्रमाणं तो नकली. पण हिंदी पलटणींचे बरेच बिल्ले युद्धकाळातही इथल्याच बाजारातल्या कारागिरांनी असे ओतून दिलेले आहेत. तेव्हा खडबडीतपणावरून निकाल देण्याची घाई करू नये.

ब्रिटनमध्ये या छंदाची पोथी आहे. किपलिंग आणि किंग या दोघांनी टोपीवरच्या बिल्ल्यांचे दोन जाडजूड खंड काढले, आणि तिकडचे लोक बिल्ल्याचं नाव न घेता त्या खंडांतला नंबर सांगतात. (हे किपलिंग ‘जंगल बुक’वाले नव्हेत.) युद्धाच्या काळात तिकडची पोरं रस्त्यानं जाणाऱ्या शिपायांच्या मागं लागून बिल्ले मागायची आणि चामड्याच्या पट्ट्यावर ओळीनं ठोकून मिरवायची. तेव्हा कुणी खरा-खोटा बघत नव्हतं. देणारा समोर उभा असायचा.

माझ्याकडं जो पहिला बिल्ला आला तो या पोथीत सापडत नाही, कारण तो टोपीचा नाही, दंडावरचा आहे. पिवळ्या गोलात लाल कोंबडा. झुंजीचा, मान ताठ केलेला. कापड खाकी नाही, जंगलातल्या हिरव्या रंगाचं, आता शेवाळी पडलेलं. कोंबड्याच्या शेपटाचे टाके एका बाजूला सुटलेत आणि तिथं कुणीतरी साध्या लाल दोऱ्यानं, शिवणकाम न येणाऱ्या माणसाच्या हातानं, चार टाके घातलेत. हा आमच्या आबांचा. आबा म्हणजे माझे आजोबा, सातारा जिल्ह्यातले, मराठा पलटणीचे पेन्शनर.

कोंबडा हे २३व्या हिंदी डिव्हिजनचं चिन्ह. ही डिव्हिजन १९४२च्या जानेवारीत उभी राहिली आणि लगेच इम्फाळच्या बाजूला गेली. शत्रूला आपला आकडा कळू नये म्हणून दंडावर आकड्याऐवजी चित्र लावायचं, ही पद्धत पहिल्या महायुद्धातली. दुसऱ्यात तिला बहर आला. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, सातवीचा सोनेरी बाण, सतरावीचं काळं मांजर, एकोणिसावीचा खंजीर, सव्विसावीचा त्रिकोणातून बाहेर पाऊल टाकणारा वाघ. आफ्रिकेच्या वाळवंटातल्या ब्रिटिश चिलखती डिव्हिजननं तर चक्क उंदीर घेतला. या सगळ्यांत मला आवडतं ते चौदाव्या आर्मीचं: ढालीवर तलवार, टोक खाली. ढालीवरची तलवार टोक वर करून काढायची हा चिन्हशास्त्राचा संकेत. या आर्मीचे सेनापती जनरल स्लिम यांनी तो जाणूनबुजून मोडला, कारण ब्रह्मदेश परत घ्यायचा तर उत्तरेकडून खालीच उतरावं लागणार होतं. अक्षरओळख नसलेल्या शिपायालाही आपली माणसं लांबून ओळखता यायची, हा या चित्रांचा दुसरा फायदा. आबा सही करायला पलटणीतच शिकले, त्यामुळं हे मला पुस्तकातून वाचायला लागलं नाही.

आबा घरी आले आणि त्यांनी पंढरीची माळ घातली. यावर आजीचं ठरलेलं वाक्य होतं: “लढाईभर कोंबडा दंडावर घेऊन हिंडले, आणि घरी आल्यावर अंडंसुद्धा शिवू दिलं नाही.” आबा हसायचे. एरवी लढाईचा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जायचे. सांगायचे ते पाण्याचं.

२२ ते २६ मार्च १९४४ या दिवसांत मणिपूरच्या डोंगरातल्या सांगशाक नावाच्या नागा गावात ५०वी पॅराशूट ब्रिगेड जपान्यांनी घेरली. आबांची चौथी मराठा बटालियन या ब्रिगेडच्या दिमतीला होती. गाव उंच टेकाडावर, वर एक चर्च, आणि पाणी नाही. विमानातून सामान टाकलं जाई, त्यातलं बरंचसं वाऱ्यानं जपान्यांच्या बाजूला जाई. आबांचं सगळं सांगणं यातल्या एकाच गोष्टीवर थांबायचं: “छत्री उघडायची, आपण वर बघत बसायचं, आणि ती जायची त्यांच्याकडं.” २६च्या रात्री घेरा फोडून इम्फाळकडं निघायचा हुकूम आला. पुढं इतिहासकारांनी लिहिलं की या काही दिवसांच्या खोळंब्यामुळं कोहिमा आणि इम्फाळकडं निघालेल्या जपान्यांचं वेळापत्रक कोलमडलं. आबांना वेळापत्रकाशी देणंघेणं नव्हतं. पाहुण्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं की ते त्या माणसाशी दिवसभर नीट बोलत नसत. आम्हा पोरांना हा म्हातारपणीचा तिरसटपणा वाटे. सांगशाकचं वर्णन मी पुस्तकात वाचलं ते फार नंतर, आबा गेल्यावर.

ज्या वर्षांत आबा इम्फाळला होते त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. १९४३च्या जूनमध्ये शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वेची पगाराची गाडी लुटली. आबांचे थोरले चुलतभाऊ, आमचे तात्या, त्या लोकांना भाकरी पोचवायचे. कधी ते लोक रात्री आमच्याच माळ्यावर झोपायचे. या दोन गोष्टी एका घरात कशा मावल्या, असं मी आजीला विचारलं होतं. तिला प्रश्नच कळला नाही. “मनीऑर्डर सरकारची यायची, भाकरी प्रतिसरकारला जायची. पीठ एकच,” ती म्हणाली. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन वेगवेगळे धडे असतात, म्हणून आपल्याला नवल वाटतं.

आबांची खरी अडचण जपानची लढाई संपल्यावर झाली. १९४५च्या ऑक्टोबरअखेरीस त्यांच्या कोंबडा डिव्हिजनमधली ४९वी ब्रिगेड जावा बेटावर सुराबायाला उतरली. कागदोपत्री काम होतं जपान्यांची हत्यारं घेण्याचं आणि कैद्यांना सोडवण्याचं. इंडोनेशियानं ऑगस्टमध्येच स्वातंत्र्य पुकारलं होतं आणि डचांना परत येऊ द्यायची तिथल्या लोकांची तयारी नव्हती. शहरभर विखुरलेल्या तुकड्यांवर हल्ले झाले, ३० ऑक्टोबरला ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले, आणि नोव्हेंबरात लाल गोळ्याची पाचवी डिव्हिजन आणून शहरावर तोफा चालवल्या गेल्या. १० नोव्हेंबर हा इंडोनेशियात आजही वीरदिन म्हणून पाळतात. त्या दिवशी समोरच्या बाजूला जी माणसं होती त्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई होते, मराठेही. आबा यावर एकदाच बोलले, तेही मला नाही, तात्यांना. मी ओसरीवर अभ्यासाचं सोंग करून ऐकत होतो. “ती पोरं मर्डेका मर्डेका ओरडत यायची,” आबा म्हणाले. तात्यांनी विचारलं, म्हणजे काय? “तुम्ही इकडं ओरडत होता तेच.” तात्या काही बोलले नाहीत, त्यांनी पानाचा डबा पुढं सरकवला.

हे कुठल्याही बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं. आणि माझी या छंदाबद्दलची तक्रार इथंच आहे. संग्राहक बिल्ल्याचं सगळं सांगतो: धातू कुठला, साचा कुणाचा, पट्टी की कड्या, किती दुर्मीळ. युद्धात पितळ काडतुसांना लागू लागलं म्हणून ब्रिटनमध्ये टोपीचे बिल्ले प्लॅस्टिकचे काढले. तपकिरी नाहीतर राखाडी, शिपायांना मुळीच न आवडणारे, दुमडले की तुटणारे. आज नीट टिकलेल्या प्लॅस्टिकच्या बिल्ल्याला त्याच पलटणीच्या पितळी बिल्ल्याहून जास्त पैसे पडू शकतात. हे सगळं ज्ञान खरं आहे आणि मला त्यात रसही आहे. पण तो कुणाच्या टोपीवर होता, असं विचारलं की गाडी थांबते.

पदकांचं तसं नाही. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं कोरलेलं असायचं. आजीचे वडील मेसोपोटेमियात होते, त्यांना असं पदक मिळालं होतं. आजीच्या लग्नात त्याची जोडवी झाली. सोनारानं वजन केलं, ती भरली औंसभर. गावोगाव हेच झालं असणार, आणि विलायतेतही चांदीचा भाव चढला तेव्हा अशी पदकं ढिगानं भट्टीत गेली. नाव असलेली चांदी वितळली आणि नाव नसलेलं पितळ उरलं.

नाव आणि बिल्ला एकत्र बघायचा असेल तर पुण्यात खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जावं. तिथं थडग्यावर पलटणीचं चिन्ह कोरलेलं असतं आणि खाली माणूस. आपल्या बहुतेक शिपायांना थडगं नाही. दहन झालं, किंवा देह मिळालाच नाही. ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ताउक्यान स्मारकाच्या खांबांवर जवळपास २७ हजार नावं आहेत, त्यांत मराठी आडनावं भरपूर.

चिन्हं बदलतात, त्यालाही कारणं असतात. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार पलटण पुन्हा उभी राहिली. आधीची १११वी महार पलटण पहिल्या महायुद्धात काढली आणि १९२१ला मोडली होती. सरकारला गरज पडली की भरती आणि गरज सरली की घरी, हा खेळ त्या समाजानं आधीही पाहिला होता, आणि लष्कराची दारं पुन्हा उघडावीत म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आग्रही होते. नव्या पलटणीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ आला. पुढं तो जाऊन खंजीर आला. स्तंभवाला बिल्ला आज संग्राहक शोधत असतात, आणि या एका बिल्ल्याच्या बाबतीत किमतीपेक्षा मागणी करणाऱ्याचं कारण बघावं असं मला वाटतं. काहींना तो दुर्मीळ म्हणून हवा असतो, काहींना आपला म्हणून. २६ जानेवारी १९५०ला सगळ्याच पलटणींच्या बिल्ल्यांवरचा मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले. मराठा पलटणीचं बिगुल तेवढं राहिलं.

आबांचा बिगुलवाला पितळी बिल्लाही माझ्याकडं आहे. पेन्शन आणायला जाताना ते तो ब्रासो लावून घासत आणि कोटाला लावत. इतका घासलाय की मुकुटावरचे मणी सपाट झालेत. व्यापाऱ्यानं बघून सांगितलं, “झिजलाय, काही येणार नाही.” बाजाराच्या हिशेबानं त्याचं बरोबर आहे.

तुमच्या घरात माळ्यावरच्या लोखंडी पेटीत असं काही निघालं तर ते घासू नका, आणि भांड्यांच्या मोडीत घालू नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसून ऐका. मग एका कागदावर पेन्सिलीनं नाव, गाव, पलटण, आणि जे सांगितलं ते, त्यांच्याच शब्दांत लिहा, अगदी विसंगत वाटलं तरी. तो कागद बिल्ल्याबरोबर ठेवा. हे या वर्षीच करा. १९४५ला विशीत असलेला माणूस आज शंभरीला टेकलाय.