मालट्रकचालकांचे कामाचे तास व त्यांची नोंद

मालवाहू ट्रकच्या चालकाने दिवसात व आठवड्यात किती वेळ काम करावे, मध्ये किती विसावा घ्यावा आणि या वेळेचा हिशेब कसा ठेवावा, यासंबंधीचे नियम. भारतात त्यांचा पाया मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ याने घातला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ९१ नेही परिवहन वाहनांवरील चालकांच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवले.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यानुसार प्रौढ चालकाचे काम दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांपुढे जाता कामा नव्हते. लांब पल्ल्याच्या मार्गांवर किंवा सणासुदीच्या काळात सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने ही मर्यादा १० व ५४ तासांपर्यंत वाढत असे. सलग ५ तास काम झाले की किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागे. ड्यूटी लागल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा काळ, विश्रांती धरून, १२ तासांत बसवावा लागे आणि एक ड्यूटी सुटल्यावर दुसरी लागेपर्यंत सलग ९ तास मोकळे द्यावे लागत. आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दराने मजुरी याही तरतुदी होत्या.

रात्री गाडी चालवणाऱ्यासाठी ‘दिवस’ कसा मोजायचा हे नीट समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. दिवस मध्यरात्रीपासून मोजायचा, पण ड्यूटी मध्यरात्रीआधी लागून पुढे चालू राहिली, तर बारानंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे आणि नवा दिवस ड्यूटी सुटल्यापासून सुरू करायचा. त्यामुळे तारीख बदलली म्हणून हिशेब कोरा होत नाही.

कामाच्या तासांत केवळ स्टेअरिंगवरचा वेळ येत नाही. माल भरणे, उतरवणे, गाडीची देखभाल, कागदपत्रे पुरी करणे हेही त्यात मोडते. थांबण्याच्या वेळेबाबत मात्र हा कायदा अपुरा पडत होता. शेवटच्या थांब्यावर नुसते हजर राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी काळ कामात धरावा असे त्यात म्हटले होते. ही तरतूद बसच्या वेळापत्रकाला शोभते. मालट्रकचा चालक माल भरायला आणि खाली करायला तासन्‌तास थांबतो. तरीही ज्या काळात चालक आपला वेळ हवा तसा घालवायला मोकळा नसतो, तो काळ कामाचाच मानणे हे कायद्याच्या मूळ व्याख्येशी सुसंगत आहे. कारण मालकाच्या हाताशी राहण्याचा वेळ म्हणजे कामाचा वेळ, असेच ती व्याख्या सांगत होती.

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, बारामतीच्या पूर्वेला असलेल्या शेळगावच्या परिसरात याचे उदाहरण दर गळीत हंगामात दिसते. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा हा उसाचा पट्टा आहे. भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी कारखाना, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी, निरा-भीमा असे अनेक कारखाने बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत आहेत. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत गाळप रात्रंदिवस चालते. तोडलेला ऊस वाळत गेला की वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणून उसाच्या फडातून गाडी लवकर निघावी अशी सगळ्यांचीच घाई असते; कारखान्यावर मात्र नंबर लागलेला असतो. वाहतुकीचे पैसे टन आणि अंतर यांवर मिळतात, रांगेतल्या तासांवर मिळत नाहीत.

समजा, एक ट्रक दुपारी ३ वाजता फडात लागला. तोडणी कामगारांनी मोळ्या भरून दिल्यावर तो सायंकाळी ७ ला निघाला, ८ ला कारखान्यावर पोहोचला, रात्री २ ला गव्हाणीवर (ऊस ओतण्याच्या पट्ट्यावर) खाली झाला आणि रिकाम्या गाडीचे वजन करून ३ ला चालक मोकळा झाला. गाडी चालली जेमतेम तासभर. पण रांगेत गाडी थोडी थोडी पुढे सरकवावी लागते, केबिन सोडून पाठ टेकता येत नाही. ड्यूटीचे १२ तास पुरे झाले आणि हा सगळा वेळ कामाचा धरला तर १० तासांची मर्यादाही ओलांडली. १९६१ च्या नियमानुसार पुढची ड्यूटी दुपारी १२ च्या आधी लावता येत नसे. सकाळी ६ ला हाच चालक दुसऱ्या खेपेसाठी फडात हजर असेल, तर विश्रांतीचाही नियम मोडला. वहीत फक्त चालवण्याचे तास लिहिले, तर हा भंग कुठेच दिसणार नाही. म्हणून रांगेचा वेळ न लिहिलेली नोंद खोटी समजावी.

असे असूनही या चालकांपैकी बहुतेकांना १९६१ च्या कायद्याचे संरक्षण मिळाले नाही. पाच किंवा अधिक परिवहन कामगार असलेल्या उपक्रमांनाच तो लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक, स्वतःच गाडी चालवणारा शेतकरी, घरातला भाऊ किंवा पुतण्या हे त्या मोजणीत येत नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने या कायद्याची जागा घेतली. आठ तासांचा दिवस तिने कायम ठेवला, पण कामगारांची किमान संख्या दहावर नेली. ज्या क्षेत्रात मालकी इतकी विखुरलेली आहे, तिथे ही अट उलट्या दिशेने गेली आहे.

नोंदीच्या साधनांबाबत इतर देश बरेच पुढे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ च्या रस्ते वाहतूकविषयक करारात प्रत्येक चालकाच्या वैयक्तिक नोंदपुस्तकाची तरतूद आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. युरोपात गाडीतले टॅकोग्राफ यंत्र वेग, अंतर व वेळ आपोआप टिपते आणि साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावे लागते. अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. डिसेंबर २०१७ पासून तिथे बहुतेक गाड्यांना इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे आहे. तिथल्या नोंदीत ड्यूटीबाहेर, झोपण्याच्या कप्प्यात, चालवताना आणि न चालवता ड्यूटीवर अशा चार अवस्था असतात. त्यांतली चौथी अवस्था आपल्या उसाच्या रांगेला चपखल लागू पडते.

भारतात मालाच्या वेळेवर मात्र बारीक लक्ष असते. जीएसटीच्या ई-वे बिलाला साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते. पुणे-सोलापूर महामार्गावर इंदापूरजवळच्या सरडेवाडी टोलनाक्यावर फास्टॅगमुळे गाडी कधी गेली ते नोंदले जाते. पण या नोंदी गाडीच्या आहेत. ती कोण चालवत होता आणि तो शेवटचा कधी झोपला, हे त्यांतून कळत नाही. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत ही जुनी अट २०१८ मध्ये उठवण्यात आली, तेव्हा आलटून पालटून झोप घेण्याचा आधारही गेला. केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरावेत, असे म्हटले होते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्तेसुरक्षेच्या प्रकरणात केंद्राला या तासांच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीकडे लक्ष देण्यास सांगितले. कामगार खाते आस्थापना तपासते आणि परिवहन खाते गाडी तपासते. चालकाच्या तासांची जबाबदारी दोघांच्या मध्ये अडकून राहते.

उसाच्या वाहतुकीत अशी नोंद सुरू करायला महागडे यंत्र लागत नाही. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनाच्या पावत्यांवर दोन्ही वजनांच्या वेळा आधीच असतात. फडात गाडी लागल्याची वेळ व चालकाचे नाव यांची भर त्याच पावतीवर घातली, तर ड्यूटी कधी लागली, रांग किती लांबली आणि चालक कधी मोकळा झाला हे एका कागदावर येते. मग एकाच चालकाच्या लागोपाठच्या दोन पावत्या शेजारी ठेवल्या की मधले नऊ तास त्याला मिळाले का, ते लगेच तपासता येते.